जिल्हा हॅम क्लब: सगळा भार दोघांवरच, कामं वाटायची कशी?

नदीकाठ_हॅम

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्ह्याच्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबचं सचिवपद नुकतंच माझ्याकडे आलंय. व्हॉट्सॅप ग्रुप भरलेला आहे, पण रविवारच्या व्हीएचएफ नेटवर (रेडिओवर ठरल्या वेळी भरणाऱ्या सभेत) तीच तीच मोजकी मंडळी असतात. नेट कंट्रोल, म्हणजे कुणी कधी बोलायचं ते ठरवणं, कायम एकच ज्येष्ठ सभासद सांभाळतात. ते गावाला गेले की नेट बंद. रिपीटरची (सिग्नल उंचावरून पुन्हा प्रसारित करणाऱ्या यंत्राची) किल्ली, सेटिंग, बॅटरी हे सगळं दुसऱ्या एका सभासदाकडे आहे आणि लिहून ठेवलेलं काहीच नाही. नवं लायसन्स मिळालेले दोन-तीनदा चेक-इन करतात (नेटवर हजेरी लावतात) आणि मग दिसत नाहीत. चार तालुके नदीकाठचे आहेत, म्हणून पावसाळ्याआधी जिल्हा प्रशासनाबरोबर एक सराव घ्यायचाय. मीटिंगमध्ये सगळे "सांगा, करू" म्हणतात, पण पुढे सरकत काहीच नाही. सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ

सुरुवात नेटपासून करा. क्लबमध्ये दर आठवड्याला हमखास घडणारी तेवढी एकच गोष्ट असते आणि पुढची माणसं तिथेच तयार होतात.

"कोण करेल?" असं ग्रुपवर टाकलं की कुणीच हात वर करत नाही. एकेकाला फोन करा, काम नेमकं सांगा आणि मुदत ठरवून द्या. "जून-जुलैच्या दुसऱ्या रविवारी नेट कंट्रोल तुमच्याकडे, दोनच नेट, जोडीला अमुक असतील" असं सांगितलं की माणूस तयार होतो. "आता नेट तुम्हीच बघा" म्हटलं की धास्तावतो, कारण त्यातून सुटका कधी हे त्याला दिसत नाही.

नव्या माणसाच्या हातात एक पानाची संहिता द्या. ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते विचारायचं. वेळ झाली की स्वतःचा आणि क्लबचा कॉलसाइन (हवेवरचं ओळखनाव), नेटचा उद्देश, पर्यायी सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलायची) फ्रिक्वेन्सी. मग पहिला प्रश्न: "तातडीचा निरोप कुणाकडे आहे का?" त्यानंतर गाडीतले आणि हॅन्डीवाले (हातातला छोटा सेट असलेले), कारण ते फार वेळ थांबू शकत नाहीत. मग एकेक तालुका पुकारायचा. सगळ्यांना एकदम बोलावलं तर दोघे एकाच वेळी पीटीटी (बोलायचं बटण) दाबतात. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला पूर्ण झाकतो आणि लांबचा हॅन्डीवाला चेक-इन न होताच राहतो. असं लागोपाठ दोन-तीन रविवारी झालं की तो यायचा बंद होतो. तुमचे "गायब" झालेले काही जण असेच गेलेले असू शकतात.

प्रत्येक ओव्हरनंतर (एकाचं बोलून झाल्यावर) दोन-तीन सेकंद मोकळे सोडायची सवय पहिल्याच दिवशी लावा. त्या फटीत कुणाला ब्रेक घालता येतो आणि रिपीटरचा टाइम-आउट टायमरही रिसेट होतो. एकाला एक चिकटून बोलत राहिलं तर रिपीटर मधेच गप्प होतो आणि नवशिक्याला वाटतं आपल्याच हातून काही बिघडलं.

दर नेटला एक उपनियंत्रक हवाच. तो दुसऱ्या तालुक्यातला, दुसऱ्या वीजलाइनवरचा असावा आणि त्याने यादी समांतर लिहावी. मुख्य माणूस तीस सेकंद ऐकू आला नाही, तर न विचारता नेट हातात घ्यायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

सह्याद्री_रिपीटर

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण आळीपाळीचा अतिरेक नको. ज्याचा सिग्नल चारही तालुक्यांत पोहोचत नाही त्याला नेट कंट्रोल दिलं तर सगळ्यांचाच वेळ जातो. आधी तक्ता करा. महिन्यातून एकदा नेटच्या मध्यावर रिपीटर सोडा आणि दहा मिनिटं सिम्प्लेक्सवर या. 145.500 मेगाहर्ट्झ ही कॉलिंग फ्रिक्वेन्सी (एकमेकांना पुकारायची) आहे, ती अडवू नका. दुसरी ठरवून घ्या. एकेकाने कॉलसाइन द्यायचा आणि बाकीच्यांनी कोण किती स्पष्ट ऐकू आलं ते 1 ते 5 मध्ये लिहायचं. चौकटीच्या कागदावर उभे-आडवे कॉलसाइन मांडले की लगेच दिसतं: अमक्याला तमका ऐकू येत नाही, पण घाटमाथ्यावरचा तिसरा दोघांनाही ऐकतो. तोच तुमचा रिले स्टेशन. पुरात रिपीटर बसला तर हा कागदच कामाला येईल. पानं गळलेली असताना एकदा आणि ऐन पावसात एकदा करा, आकडे बदलतात.

आता रिपीटर. एका माणसाकडे किल्ली असणं हा धोका आहेच, पण त्याच्या डोक्यातली माहिती कागदावर नसणं हा त्याहून मोठा. त्याच्याबरोबर दोघांना साइटवर पाठवा आणि त्याच दिवशी हे लिहून काढा: इनपुट-आउटपुट फ्रिक्वेन्सी, सबटोन (रिपीटर उघडणारा धीमा टोन), टायमरची वेळ, कंट्रोलरचे कोड, कोणती केबल कुठून कुठे, फ्यूज किती अँपिअरचे, नॉर्मल असताना फॉरवर्ड आणि रिफ्लेक्टेड (अँटेनाकडे जाणारी आणि परत येणारी) पॉवर किती, बॅटरी कधी बसवली. प्रत्येक केबलला लेबल, कपाटाच्या दाराला आतून एक फोटो. किल्ल्या दोन घरी. जागामालकाचं परवानगीपत्र क्लबच्या नावावर हवं, एका सभासदाच्या नव्हे.

जुलैत हमखास येणारी तक्रार म्हणजे "रिपीटर ऐकू येतो, पण आत जाता येत नाही". बहुतेक वेळा अँटेनाजवळच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं. सांध्यावर आधी सेल्फ-अमल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळायची, तिच्यावर पीव्हीसी टेप, शेवटचा वेढा खालून वर, म्हणजे पाणी ओघळून जातं. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या. याने भागलं नाही तर डिसेन्स (स्वतःच्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बधिर होणं) तपासा: कमजोर सिग्नल इनपुटवर ऐकत राहा, ट्रान्समीटर बंद ठेवून आणि मग चालू करून. चालू केल्यावर सिग्नल खरखरीत बुडाला तर डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर घेणं आणि देणं वेगळं ठेवणारा फिल्टर) हललाय किंवा मधल्या जंपर केबल गळतायत. 2 मीटर बँडवर (145 मेगाहर्ट्झच्या आसपास) रिपीटरच्या दोन फ्रिक्वेन्सींत फक्त 600 किलोहर्ट्झचं अंतर असतं. तिथे साधी आरजी-58 केबल चालत नाही, दुहेरी शील्डची आरजी-223 किंवा आरजी-400 लागते. डुप्लेक्सरचे स्क्रू अंदाजाने फिरवू नका. मोजायचं साधन नसेल तर हात लावू नये.

बॅटरीचं गणित: 25 वॅटचा सेट ट्रान्समिटला साधारण 6 अँपिअर आणि नुसता ऐकताना अर्धा अँपिअर घेतो असं धरा. आपत्तीत 40 टक्के वेळ ट्रान्समिट, म्हणजे सरासरी 2.7 अँपिअर. 100 अँपिअर-अवरची लेड-अॅसिड निम्मीच वापरायची, म्हणजे जेमतेम 18 तास. लिथियम आयर्न फॉस्फेट 80 टक्के वापरली तर 30 तासांच्या आसपास. जिथे पुरात वीज तीन-तीन दिवस येत नाही तिथे सोलर पॅनल किंवा बॅटरी बदलायला वर जाणारा माणूस, यांतलं एक काहीतरी हवंच. त्या माणसाचं नाव मे महिन्यातच ठरवा.

कागदोपत्री

दोन्ही दादांनी रेडिओचं सांगितलं, मी कागदांचं सांगते. क्लब बंद पडायला अँटेनापेक्षा कागद जास्त वेळा कारणीभूत होतात.

संस्था नोंदणी कायदा, 1860 खाली नोंदणी असेल (किमान सात सदस्य लागतात) तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त कार्यालयाशीही संबंध येतो. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो राहिला की कागदोपत्री जुनीच कार्यकारिणी कायम राहते. पुढे बँक सही बदलून देत नाही, खातं अडकतं आणि रिपीटरची बॅटरी कुणाच्या तरी खिशातून येते. तुम्ही नुकतेच सचिव झालात, तर सर्वांत आधी निवडणुकीची सभासूचना, उपस्थितीच्या सह्या आणि ठरावाची प्रत जागेवर आहे का ते पाहा. खात्यावर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या ठेवा. हिशेबाचं लेखापरीक्षण दरवर्षी.

क्लब स्टेशनचं लायसन्स आणि रिपीटरचे कागद कुणाच्या प्रभारात आहेत तेही बघून घ्या. प्रभारी व्यक्ती लायसन्सधारक हॅमच लागते. सरल संचार या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवरचं क्लबचं लॉगिन जुन्या सचिवांच्या मोबाइल-ईमेलशी जोडलेलं असतं. ते बदललं नाही तर ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि नूतनीकरणाच्या वेळी धावपळ होते. क्लबचा स्वतंत्र ईमेल काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा.

आणि एक, पदांना मुदत घाला. दोन वर्षं पुरेत. प्रत्येक पदाला "उप" असावा आणि पुढच्या वेळी त्याचा विचार आधी व्हावा. वार्षिक सभेत एकदम नवा माणूस खुर्चीत बसवू नका.

डिटडा

नव्या लोकांबद्दल. परीक्षेचे वर्ग सगळे घेतात, खरी गळती त्यानंतर होते. परीक्षा दिल्यावर लायसन्स हातात पडेपर्यंत बराच काळ जातो, आणि तेवढ्यात उत्साह विरतो. या काळात पीटीटीला हात लावायचा नाही, पण बाकी भरपूर काम देता येतं.

क्लबच्या शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) बसवा आणि नेटची यादी लिहू द्या. अँटेना बनवून घ्या: 40 मीटर बँडचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तारेची अँटेना) म्हणजे एकूण सुमारे 20.1 मीटर तार, प्रत्येक बाजू 10.05. मुद्दाम थोडी लांब ठेवून वर चढवायची, एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा) सर्वांत कमी कुठे येतो ते पाहायचं. दोन्ही बाजूंनी 10-10 सेंटिमीटर कापली की रेझोनन्स (अँटेना जिथे सर्वांत चांगली जुळते ती फ्रिक्वेन्सी) साधारण 70 किलोहर्ट्झने वर सरकतो, 6.960 मेगाहर्ट्झला दिसला आणि 7.100 हवा असेल तर दोन्हीकडून 20. कापण्याआधी तार नुसती दुमडून पाहा. एकदा हे हाताने केलं की माणूस क्लबचा होतो.

कॉलसाइन आल्यापासून आठवड्याच्या आत तो नेटवर आला पाहिजे. त्यासाठी क्लबकडे उसनवारीच्या दोन-तीन हॅन्डी ठेवा, चॅनल भरलेल्या. वहीत सीरियल नंबर, चार्जर, अँटेना, परतीची तारीख आणि सही. महिन्याभरात त्याला नाव असलेलं एक काम द्या: उपनियंत्रकाची यादी, हॅन्डीची वही किंवा नेटची आठवण पाठवणं.

मोर्सचा गट वेगळा ठेवा. रिस्ट्रिक्टेड लायसन्सवरून वरच्या जनरल लायसन्सला जायचं तर मोर्समध्ये मिनिटाला 8 शब्द घेता-देता यायला हवेत. रोज दहा मिनिटं सराव, अक्षराचा वेग 15 ते 18 शब्दांचा आणि दोन अक्षरांमधलं अंतर मोठं. अक्षरच संथ वाजवलं तर मुलं डिट-डा (ठिपके-रेघा) मोजायला लागतात आणि पुढे वेग वाढत नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी स्काउटांची जोटा (हॅम रेडिओवरचा मेळावा) असते. शाळेत स्टेशन लावायला याच नव्या मंडळींना पुढे करा. परीक्षेला वयाची अट 12 वर्षांची आहे, म्हणजे त्यातूनच पुढची तुकडी मिळते.

कृष्णाकाठ

सरावाबद्दल राहिलं होतं. आपल्या नियमांत तिसऱ्या व्यक्तीचे निरोप एरवी चालत नाहीत. नेहमीची दळणवळण यंत्रणा बंद पडली आणि भूकंप, पूर, वादळ अशी आपत्ती असली तर चालतात, तेही जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून आलेले आणि अशाच अधिकाऱ्याला जाणारे. म्हणून आयत्या वेळी हॅन्डी घेऊन धावण्यात अर्थ नाही. मे महिन्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांना भेटा. सोबत एक पान न्या: लायसन्सधारकांची तालुकावार यादी, दोन संपर्क क्रमांक, आमच्याकडे काय आहे आणि आम्ही काय करू शकत नाही. नियंत्रण कक्षाच्या गच्चीवर कायमची एक अँटेना आणि खाली आलेली केबल, एवढंच मागा. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा मोबाइलही बंद होते. अधिकाऱ्यांना हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही.

सराव छोटा ठेवा: नियंत्रण कक्ष, दोन तहसील, एक रिले, दोन तास, रिपीटर अर्ध्या वेळात बंद. प्रत्येक स्टेशनला तीन निरोप. छापील फॉर्मवर क्रमांक, तातडी, 24 तासांच्या घड्याळाची वेळ, कुणाकडून (पदनाम), कुणाला, मजकूर आणि शब्दसंख्या. घेणाऱ्याने शब्द मोजायचे. जुळले नाहीत तर कुठून चुकलं ते विचारायचं. लिहिणाऱ्याच्या वेगाने पाच-पाच शब्द द्यायचे. आकडे सुटे बोला, "तीन-सात". खरखरीत सदतीस आणि सदुसष्ट यांत फरक कळत नाही, आणि चुकला तो आकडा बोटींचा असतो. पूरग्रस्तांची नावं, आजार हवेवर टाळा, कारण सगळा जिल्हा ऐकत असतो. फॉर्मचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

नदीकाठ_हॅम

सगळ्यांचे मनापासून आभार. बदल अर्जाचं उद्याच पाहतो आणि किल्लीवाल्या सभासदांबरोबर दोघांना साइटवर पाठवतो. एकच अडचण: नेट सांभाळणारे आमचे ज्येष्ठ दुखावतील. इतकी वर्षं त्यांनीच नेट जिवंत ठेवलंय.

सह्याद्री_रिपीटर

मग त्यांच्या घरी जाऊन बोला, ग्रुपवर नको. पहिल्या चार नियंत्रकांची निवड त्यांनाच करू द्या आणि दोन महिने उपनियंत्रक म्हणून तेच जोडीला बसू देत. जुन्या माणसाला जिल्ह्यातला प्रत्येक सिग्नल आवाजावरून ओळखू येतो; कोण कुणाला ऐकतो तो तक्ता त्यांच्याइतका चांगला कुणी भरणार नाही. नेटमध्ये मधे बोलून दुरुस्त्या मात्र करायच्या नाहीत, काय चुकलं ते नंतर फोनवर सांगायचं, एवढं आधीच ठरवून घ्या. पहिल्यांदा माइक धरणारा सगळ्यांसमोर टोकला गेला की पुन्हा येत नाही.

कागदोपत्री

आणि नेट नियंत्रकांची तिमाही यादी ठरावात घ्या, खाली त्या ज्येष्ठांची सही असू दे.