नॉर्थ कॅरोलायना: कार्टरेट काउंटीत राहायला जावं का? (मोरहेड सिटी / बोफर्ट / एमराल्ड आयल)

वेंगुर्ल्याची_सून:
नमस्कार मंडळी, आम्ही केरीत (रॅलेजवळ) राहतो, नवऱ्याचं काम पूर्ण रिमोट आहे आणि मला महिन्यातून एकदाच ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. लेक दुसरीत. जुलैत एमराल्ड आयलला आठवडाभर भाड्याने घर घेतलं होतं, तिथून परत आल्यापासून आमच्या साहेबांनी झिलोवर (घरं विकण्याची वेबसाइट) तिकडची घरं बघायचा सपाटा लावलाय, वेंगुर्ल्याचा माणूस, समुद्र दिसला की डोकं चालत नाही. थेट बेटावरच घर घ्यायचं म्हणतोय. कोणी प्रत्यक्ष राहिलंय का तिकडे? वादळं, शाळा, किराणा, मासे, सगळंच सांगा. सासूसासरे पण येऊन राहतील.

खाडीकाठ:
मी मोरहेडला नोकरीनिमित्त बरीच वर्षं काढलीत. पहिलं म्हणजे जुलै बघून निर्णय घेऊ नका हो! जुलैत सगळ्यांनाच तिथे राहावंसं वाटतं. फेब्रुवारीत एक चक्कर मारा, बेटावर अर्धी हॉटेलं बंद, घरं अंधारात, वारा नुसता अंगात घुसतो. आणि उन्हाळ्यात शनिवारी भाडेकरू बदलतात तेव्हा पुलावर जी रांग लागते ती बघून घ्या, बोग बँक्सवर, म्हणजे एमराल्ड आयल ज्यावर आहे त्या बेटावर, यायला-जायला पूल दोनच, एक एमराल्ड आयलकडे आणि एक अटलांटिक बीचकडे.

राहायचंच तर खाडीच्या अलीकडे, मोरहेड नाहीतर बोफर्ट. बोफर्ट म्हणजे कार्टरेट काउंटीचं मुख्य गाव, 1709 सालचं, फ्रंट स्ट्रीटवर जुनी लाकडी घरं आणि समोरच्या बेटावर चक्क जंगली घोडे चरताना दिसतात. पण तिथे घरं महाग आणि पार्किंगची बोंब. मोरहेड दिसायला साधं, बंदराचं गाव, पण काउंटीचं हॉस्पिटल तिथेच, मोठी दुकानं तिथेच. सासूसासरे येणार असतील तर हा मुद्दा आधी बघा, मोठ्या उपचारांना ग्रीनव्हिल नाहीतर सरळ रॅलेकडेच पळावं लागतं.

आणि एक, आधी भाड्याने राहा. किमान एक सप्टेंबर तिथे काढा, मग घ्या घर.

नाना_शार्लट:
सप्टेंबरच्या मुद्द्याला +१. 2018 च्या फ्लोरेन्सने त्या काउंटीची काय अवस्था केली होती ते आठवतंय का? ते वादळ नुसतं बसून राहिलं आणि पाऊस ओतत राहिलं, कित्येक घरांवर महिनोन्महिने निळ्या ताडपत्र्या होत्या. 2023 ला ओफिलिया तर एमराल्ड आयलजवळच किनाऱ्याला लागलं.

इन्शुरन्सचं नीट समजून घ्या. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराचं पाणी धरलेलं नसतं, फ्लड वेगळा काढावा लागतो, आणि सरकारी फ्लड पॉलिसी सहसा 30 दिवसांनी लागू होते (घर घेताना कर्जासोबत काढली तर थांबावं लागत नाही). म्हणजे टीव्हीवर वादळ दिसल्यावर एजंटला फोन करून उपयोग शून्य. शिवाय किनाऱ्यावर वाऱ्याचं नुकसान पण बऱ्याचदा वेगळ्या पॉलिसीत असतं आणि नाव दिलेल्या वादळाचं डिडक्टिबल (नुकसानीतला आपल्या खिशातून भरायचा भाग) घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत, डॉलरच्या ठरावीक आकड्यात नाही. झिलोवरचा हप्ता बघून खूश होऊ नका, तिन्हीचे कोट आधी मागवा. साहेबांना हे जेवण झाल्यावर सांगा :)

चिंबोरी:
सगळे घाबरवतायत म्हणून मी जरा चांगलं सांगते. मासे!! अगं, तिथली स्पॅनिश मॅकरेल म्हणजे आपल्या सुरमईचीच चुलत बहीण, लहान असते पण तव्यावर एक नंबर. शरदात बोय येते, हो आपलीच बोय, तिकडे मलेट म्हणतात, लोक जाळी घेऊन पाण्यात उतरतात आणि गाबोळी वेगळी विकतात. कोळंबी बोटीवरून उतरलेली धक्क्यावर मिळते, डोक्यासकट मागून घे, कालवणाला चव त्या डोक्यांचीच. निळ्या चिंबोऱ्या उन्हाळाभर, आणि वसंतात कवच टाकलेल्या मऊ, त्या तर अख्ख्याच तळायच्या. स्वतः गळ टाकायचा तर 16 आणि त्यावरच्यांना लायसन लागतं, ते ऑनलाइन निघतं.

मोरहेडला एल्स ड्राइव्ह-इन आहे, 1959 पासून, गाडीतच आणून देतात, तिथला श्रिंपबर्गर खा. गाडीची काच पूर्ण उघडू नका, सीगल टपलेले असतात.

किराण्याचं मात्र खरं सांगते, कढीपत्ता-गोडा मसाला वगैरे केरीशेजारच्या मॉरिसव्हिलहूनच भरून न्यायचं. तीन तास धर एका बाजूला, हायवे 70 ने. मोठा फ्रीझर घे.

खाडीकाठ:
किराणा एकवेळ जमेल हो, माणसांचं काय? केरीत गणपतीला दारात गाड्या लावायला जागा नसते, तिकडे अख्ख्या काउंटीत मिळून लोकसंख्या साधारण 68 हजार, आपली माणसं हाताच्या बोटांवर. लेकीला वर्गात आपल्यासारखं दुसरं कोणी नसण्याची शक्यता भरपूर, त्याचा विचार तुम्ही दोघांनीच करा. लोक वाईट नाहीत, उलट वादळानंतर शेजारी करवत घेऊन न बोलावता येतात. पण डाउन ईस्टकडे, म्हणजे हार्कर्स आयलंड, मार्शलबर्ग वगैरे, पिढ्यान्पिढ्या बोटी बांधणारी, मासेमारी करणारी घराणी, तिथे दहा वर्षं राहिलात तरी तुम्ही बाहेरचेच. आपल्याकडे गावात घर घेतलेल्या मुंबईकराला जसं बघतात ना, अगदी तसं.

वेंगुर्ल्याची_सून:
बापरे, इतकं सविस्तर! सगळ्यांचे आभार. नवऱ्याला धागा वाचायला दिला, तो फक्त बोयवर थांबलाय. भाड्याने घ्यायचं ठरतंय तसं. बेटावर नको हे त्याला कसं पटवू?

नाना_शार्लट:
वादळात बेट रिकामं करायला लावतात आणि परत आत यायला एमराल्ड आयलला पास लागतो, तोपर्यंत घराचं काय झालंय ते कळत नाही. हे सांगा. नाही पटलं तर इन्शुरन्सचे कोट दाखवा.

खाडीकाठ:
मोरहेडला वर्षाचं भाडं बघताना मालकाला एकच विचारा, फ्लोरेन्समध्ये घरात पाणी आलं होतं का. आणि करार बारा महिन्यांचाच करा, किनाऱ्याकडे काही मालक मे महिन्यात घर खाली करायला सांगतात, उन्हाळ्यात आठवड्याच्या भाड्याने द्यायला.