बारावी कॉमर्स, गणित सोडलेलं. बीएला इकॉनॉमिक्स मेजर घेऊ का? (इंदूर)

स्नेहनगर_कोपरा

नमस्कार. मी इंदूरचीच, सीबीएसई, बारावी कॉमर्स. इकॉनॉमिक्स हा एकच विषय असा आहे की ज्याचं पुस्तक मी परीक्षा नसतानाही उघडते. त्यामुळे बीएला तोच मेजर घ्यावा असं मनात आहे.

घरचं सांगते. बाबा म्हणतात, इकॉनॉमिक्सच हवं तर बीकॉममध्येही असतं की, सोबत सीए कर. आजीच्या मते बीए म्हणजे स्थळ येईपर्यंतचा टाइमपास. आणि खरी अडचण माझीच आहे. अकरावीत गणित सोडून आयपी (इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस, कॉम्प्युटरचा विषय) घेतलं. मार्क चांगले पडतात म्हणून सगळ्या मैत्रिणींनी घेतलं, मीही घेतलं. आता एक जण म्हणतो गणिताशिवाय काही खरं नाही, दुसरी म्हणते बीएला कुठे लागतं गणित. कोणी स्वतः केलं असेल तर सांगा न प्लीज.

रामबागकर

मी केलंय. तीन वर्षं केलं, मग भंवरकुआंवर कोचिंग लावून चार वर्षं पीएससी केली, आता विमा विकतो. आमच्या बॅचची निम्मी मुलं याच रस्त्याने गेली. बाबांचं ऐक. आणि दिल्लीचं डोक्यात असेल तर काढून टाक. दिल्ली विद्यापीठाच्या इकॉनॉमिक्स ऑनर्सला बारावीचं गणित लागतं, सीयूईटी या प्रवेश परीक्षेतही गणिताचा पेपर द्यावा लागतो.

मंडीवाली_ताई

दिल्लीचं रामबागकर बरोबर सांगताहेत, ते दार बंद आहे. बाकीच्याबद्दल माझं वेगळं मत आहे. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

मीही कॉमर्स, मीही गणित सोडलेली. माझ्या कॉलेजात बीएला गणिताची अट नव्हती, त्यामुळे प्रवेश आरामात मिळाला आणि मला वाटलं जिंकलो. शाळेतलं इकॉनॉमिक्स म्हणजे व्याख्या पाठ करायच्या, मागणीची रेघ खाली उतरवायची, पुरवठ्याची वर चढवायची. कॉलेजात पहिल्याच महिन्यात सरांनी फळ्यावर डीवाय बाय डीएक्स लिहिलं. पहिल्या इंटर्नलला तेच आलं. मी वरचा डी आणि खालचा डी कापला आणि उत्तर लिहिलं वाय भागिले एक्स. वीसपैकी चार. सरांनी पेपरावर लाल पेनाने काहीच लिहिलं नव्हतं, नुसतं एक उद्गारचिन्ह.

त्या दिवाळीत शेजारच्या इंजिनियर दादाकडे बसून एनसीईआरटीचं अकरावी-बारावीचं गणित काढलं. सगळं नाही. लिमिट्स, डेरिव्हेटिव्ह आणि त्यांचे उपयोग, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी. तीन महिने रोज रात्री एक तास. मग कळलं की ‘मार्जिनल कॉस्ट’ म्हणजे तोच डीवाय बाय डीएक्स. शंभर किलो शेव तळणाऱ्याने एकशे एकावा किलो तळला तर खर्च कितीने वाढेल, एवढाच प्रश्न. सरासरी खर्च विचारलाच नाहीये. माझ्या उत्तरात मी नेमका सरासरी खर्च काढून ठेवला होता! म्हणजे गणित चुकलं तिथे इकॉनॉमिक्सही चुकलं होतं. तुझ्या मैत्रिणी सांगतात की बीएला गणित लागत नाही. प्रवेशाला लागत नाही ग, पण नंतर लागतं.

आता बाबांच्या बीकॉमबद्दल. बीकॉममध्ये दुकानाचे हिशेब शिकवतात, आणि ते फार कामाचं शिक्षण आहे, मी नावं ठेवत नाही. पण भाव अमुकच का झाला हा प्रश्न तुला पडत असेल, तर तिथे त्याला अर्धा पेपर मिळतो.

मला तो पडला २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये. मी सेकंड इयरला. आमचे एक काका देपालपूरकडे सोयाबीन करतात. त्या वर्षी एमपी सरकारने भावांतर योजना आणली, म्हणजे माल हमीभावाखाली विकला गेला तर फरकाचे पैसे सरकार देणार. सोयाबीनचा हमीभाव होता ३०५० रुपये क्विंटल. काकांची समजूत अशी की मंडीत कितीही कमी मिळो, ३०५० पर्यंतचं सरकार भरून देणार. लक्ष्मीबाई नगर मंडीत माल विकून ते आमच्याकडे जेवायला आले आणि पावती माझ्यापुढे टाकली, “तू शिकतेस न हे? मग सांग माझे पैसे कुठे गेले.”

सांगता आलं नाही. दोन दिवस योजनेचा कागद वाचला तेव्हा समजलं. फरक तुमच्या पावतीवरून काढत नव्हते, मॉडल भावावरून काढत होते. हा भाव आपल्या आणि बाहेरच्या राज्यांतल्या मंड्यांच्या भावांवरून ठरायचा. आकडे सोपे करून सांगते. समज मॉडल भाव निघाला २६०० आणि काकांचा ओलसर माल गेला २४०० ला. सरकार देणार ३०५० वजा २६००, म्हणजे ४५०. काकांच्या हातात २८५०. शेजाऱ्याचा चांगला माल गेला २७०० ला, त्याला मिळाले ३५० आणि तो बरोबर ३०५० ला पोचला. ज्याचा माल आधीच उतरलेला, त्यालाच खड्डा.

त्यात विकायची मुदत ठरलेली. सगळ्या गावांच्या ट्रॉल्या एकाच वेळी मंडीत, रांग बाहेर रस्त्यापर्यंत. शेतकऱ्याला मुदतीत विकणं भाग, व्यापाऱ्याला थांबता येतं. अशा वेळी सबसिडी कोणाच्या नावाने निघते आणि कोणाच्या खिशात उतरते या दोन वेगळ्या गोष्टी होतात. पुस्तकात याला इन्सिडन्स म्हणतात. ज्याला थांबता येत नाही त्याला भाव पडला तरी विकावं लागतं. मी काकांच्या पावतीच्या मागे रेघा काढून समजावलं. काका म्हणाले, ठीक आहे, पण रेघेने पैसे येतात का.

मग मी ऐटीत प्रोजेक्ट लिहिला, ‘भावांतरमुळे भाव पडले’. सरांनी विचारलं, काकांची एक पावती म्हणजे पुरावा का? लातूरला भावांतर नव्हती, तिथे काय झालं? एगमार्कनेट या मंडीभावांच्या सरकारी साइटवरून लातूरचे रोजचे भाव उतरवले, तर तिथेही सोयाबीन हमीभावाच्या खालीच चाललेलं. म्हणजे पडझड योजनेशिवायही होती. योजनेने इथे त्यात किती भर घातली, हा खरा प्रश्न, आणि तो काढायला इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून कारण आणि परिणाम तपासायचं गणित, लागतं. शीर्षक खोडून पुन्हा लिहावं लागलं. माझं मत असं की मी इकॉनॉमिक्स त्या आठवड्यात शिकले, बाकी तीन वर्षं तयारी.

२०२५ ला सोयाबीनसाठी भावांतर परत आली, हमीभाव ५३२८. काकांनी या वेळी माल वाळवून नेला.

नोकरीचं स्पष्ट सांगते. नुसत्या बीएवर फारसं काही नाही, इथे रामबागकर खोटं बोलत नाहीयेत. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला एमए लागतं, रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांच्या भरतीलाही लागतं. म्हणजे पाच वर्षं धरून चाल. मी एमए केलं आणि आता एका तेल-गाळप कंपनीसाठी रोज भावांचं टिपण लिहिते: आवक, शिकागोच्या सोयाबीन बाजारातला भाव, पामतेलाची आयात ड्युटी. काम आवडतं. पगार बाबांना सांगण्यासारखा व्हायला वेळ लागला.

महूचा_निवृत्त_मास्तर

स्नेहनगरच्या बेटा, आजींसाठी एक मुद्दा. आमच्या महूला १८९१ मध्ये जन्मलेले डॉ. आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, ते अर्थशास्त्र शिकायला. १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एससी. त्यांना मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी. रुपयाचा पौंडाशी दर सांभाळत बसण्यापेक्षा देशातल्या बाजारात रुपयाची किंमत स्थिर राहते का ते बघा, असं त्यांचं म्हणणं. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि मुलांना फक्त संविधान सांगत राहिलो, याची आता लाज वाटते.

स्नेहनगर_कोपरा

सर, आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, ते आंबेडकर होते, तू कोण. 😄

ताई, तुमचं दोनदा वाचलं. म्हणजे आयपी घेऊन मी दोन वर्षं वायाच घालवली न?

मंडीवाली_ताई

अजिबात नाही. तुमच्या बारावीच्या आयपीत पायथन, त्यातलं आकड्यांचे तक्ते हाताळायचं पांडाज आणि डेटाबेससाठीचं एसक्यूएल आहे न? मी लातूरचे भाव एक्सेलमध्ये हाताने भरले होते, डोळे गेले माझे. तू तेच काम पांडाजमध्ये चार ओळींत करशील. इंदूर आणि लातूरचे एका हंगामाचे भाव उतरव, दोन रेघा एकावर एक काढ आणि इथे टाक. बाबांशी बोलताना तेच दाखव, बीए की बीकॉम हा वाद नको घालूस.

रामबागकर

मी विमाच विकतो, पण ते २६००-२४०० वालं आज पहिल्यांदा समजलं. आमच्याकडे सर नोट्स डिक्टेट करायचे.

स्नेहनगर_कोपरा

दादाचं अकरावीचं गणित माळ्यावरून काढलं, लिमिट्सपासून सुरू करते. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

मंडीवाली_ताई

रविवारी पोहे खाऊन झाले की सांग, तेव्हा बाबालोक नरम असतात. आणि डी कापू नकोस.