मदत हवी आहे: टेक्निकल बॅकग्राउंड शून्य, बिझनेस डेटा अ‍ॅनालिसिस शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, आधीच सांगते.

मी आर्ट्सवाली, गणित शाळेत सुटलं ते सुटलंच. गेली नऊ वर्षं कस्टमर सपोर्टमध्ये आहे, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, फॉर्म भरायचा, परत आलेल्या मालाची नोंद करायची. वर्षभरापासून महिन्याचा रिपोर्ट माझ्या गळ्यात पडलाय, का तर मला 'एक्सेल बरं येतं'. बरं येतं म्हणजे सम, फिल्टर आणि सेलला पिवळा रंग देणं, एवढंच. व्हीलुकअप (एका यादीतली गोष्ट दुसऱ्या यादीत शोधून तिच्यापुढची माहिती आणणारा फॉर्म्युला) पण लावते, शेवटी फॉल्स लिहायचं असतं म्हणून लिहिते, का लिहायचं ते विचारू नका.

मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये फजिती झाली. तीन टीम आहेत, तक्रार सोडवायला पहिलीला सरासरी २ दिवस लागतात, दुसरीला ३ आणि तिसरीला १०. मी तिन्हींची बेरीज करून ३ ने भागलं आणि स्लाइडवर मोठ्ठ्या अक्षरात ५ दिवस लिहिलं. एक जण शांतपणे म्हणाला, १००० पैकी ८०० तक्रारी तर पहिली टीमच २ दिवसांत सोडते, मग सरासरी ५ कशी आली? मला उत्तर देता येईना. घरी येऊन कागदावर मांडलं: ८०० गुणिले २, १५० गुणिले ३, ५० गुणिले १०, सगळं मिळून २५५०, भागिले १०००, म्हणजे साधारण अडीच दिवस! मी जवळपास दुप्पट आकडा सांगून बसले होते आणि एक्सेलने कुठे लाल रेघसुद्धा मारली नाही.

तेव्हापासून डोक्यात घेतलंय की हे नीट शिकायचं. पण कुठून? कोणी म्हणतं पायथॉनशिवाय (ही प्रोग्रॅमिंगची भाषा) काही खरं नाही, तर पायथॉनचा कोर्स तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा लूपपाशी (तेच काम परत परत करायला लावणारा कोड) येऊन गाडी बंद पडली. कोणी म्हणतं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), कोणी पॉवर बीआय (चार्ट आणि रिपोर्ट बनवायचं टूल), कोणी म्हणतं आधी स्टॅटिस्टिक्सचा पाया पक्का करा. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, कारण त्यांचा डेटा नुकताच आंघोळ करून आल्यासारखा असतो, आणि माझी फाइल उघडली की तारखांच्या कॉलममध्ये अर्ध्या तारखा डावीकडे चिकटलेल्या आणि अर्ध्या उजवीकडे, सॉर्ट केलं की एप्रिल महिना ऑक्टोबरात जाऊन बसतो.

तर विचारायचं हे की माझ्यासारखीने कोणत्या क्रमाने शिकावं, कोडिंग टाळता येईल का (खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको), आणि ऑफिसचा डेटा घरी आणता येत नाही तर सराव कशावर करायचा? आणि मला आतून वाटतंय की माझी अडचण टूलची नाहीचे, फाइल समोर उघडली की तिला काय विचारायचं तेच सुचत नाही. हे शिकवतात का कुठे?

प्रतिसाद १

ताई, मी अकाउंट्समधून या कामात आलोय त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे. पायथॉन सध्या कपाटात ठेवा. तुमच्या फाइलला हजारभर ओळी असतील, एक्सेलची एक शीट १०,४८,५७६ ओळी घेते, तुम्हाला कुठे कमी पडतंय?

आधी तारखांचं बघू. एक्सेल तारीख आतमध्ये आकडा म्हणून ठेवतं, १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून पुढे मोजत जायचं. खरी तारीख असेल तर ती आपोआप उजवीकडे जाते, डावीकडे राहिली तर ते नुसतं टेक्स्ट आहे. आता गंमत बघा. तुमच्या सिस्टिममधून दिवस-महिना-वर्ष असं येतंय आणि कॉम्प्युटरचं सेटिंग महिना-दिवस-वर्ष असणार. २५/०४ मध्ये २५ वा महिना त्याला सापडत नाही म्हणून ते तसंच डावीकडे सोडून देतं, पण १०/०४ ला मात्र काही न बोलता १० एप्रिलचा ४ ऑक्टोबर करून टाकतं. म्हणजे डावीकडच्या दिसायला वाईट पण निर्दोष आहेत, चोर उजवीकडे बसलेत! या आपोआप तारीख करण्याच्या खोडीला शास्त्रज्ञसुद्धा कंटाळले, काही जनुकांची नावं एक्सेल तारखा समजायचं म्हणून २०२० मध्ये ती नावंच बदलून घेतली.

उपाय: फाइल डबल क्लिक करून उघडायची नाही. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' करून पॉवर क्वेरीत आणा (डेटा आणून साफ करायचं टूल, एक्सेल २०१६ पासून आतच आहे), त्याने स्वतःहून टाकलेली 'चेंज्ड टाइप' ही स्टेप उडवा आणि तारखेच्या कॉलमला 'यूजिंग लोकेल' ने फॉरमॅट स्वतः सांगा. एकदा केलं की पुढच्या महिन्याला फक्त रिफ्रेश. मला विचाराल तर पिव्हट टेबल (ओळींचे गट पाडून मोजणी-बेरीज करणारा तक्ता) आणि पॉवर क्वेरी एवढ्यावर पहिले दोन-तीन महिने काढा, बाकीचं आपोआप सुचत जातं.

आणि व्हीलुकअपचं फॉल्स: ते नाही लिहिलं तर तो 'जवळपास जुळणारं' शोधतो आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतो. क्रम नसेल तर बिनधास्त चुकीचं उत्तर देतो. नवीन व्हर्जनमध्ये एक्सलुकअप आहे, तो मुळातच तंतोतंत जुळणारं शोधतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी अर्धा सहमत. एक्सेलमध्ये लोक वर्षानुवर्षं रमतात आणि मग बाहेर येत नाहीत, त्यामुळे एसक्यूएल फार लांबवू नका. कोडिंग म्हणून घाबरायचं कारण नाही, सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय, ऑर्डर बाय, जॉइन, एवढ्यावर रोजचं बरंच काम निघतं, आणि तुमचा पिव्हट म्हणजे ग्रुप बायच आहे, फक्त माउसने केलेला. सरावाला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस फुकट आहे, एकच फाइल असते, सर्व्हर वगैरे भानगड नाही.

फक्त जॉइनपाशी, म्हणजे दोन टेबलं जोडताना, सावध. समजा १००० ची एक ऑर्डर आहे आणि तिच्यावर तीन तक्रारी आल्यात. दोन्ही टेबलं जोडली की ती ऑर्डर तीन ओळींत येणार, आणि तुम्ही बेरीज केलीत की विक्री ३०००! तुमच्या ५ दिवसांसारखंच, एरर येत नाही, आकडाही छान दिसतो. म्हणून जोडायच्या आधी ओळी मोजा, जोडल्यावर परत मोजा, वाढल्या तर का वाढल्या ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. ही सवय मला कोणी कोर्समध्ये लावली नाही, तोंडावर पडल्यावर लागली.

सरावासाठी खोटा डेटा स्वतः बनवा की. तुम्हाला फॉर्ममधले कॉलम पाठ असतील, २०० ओळी मनाने भरा आणि त्यात मुद्दाम घाण करा, एकच नाव तीन स्पेलिंगने, रिकामे सेल, डबल नोंदी. मग तोच डेटा साफ करा. व्हिडिओवाल्या आंघोळ केलेल्या फाइलींपेक्षा जास्त शिकाल.

प्रतिसाद ३

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे असे रिपोर्ट वाचणारा. तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि नेमकं त्यालाच कोणी हात लावला नाही. काय विचारायचं ते फाइलकडे बघून सुचत नसतं हो, ज्याने रिपोर्ट मागितला त्याला विचारायचं असतं. आमच्याकडची एक मुलगी मला दरवेळी विचारते, सर, हा आकडा ५ च्या ऐवजी १० आला तर तुम्ही वेगळं काय कराल? सुरुवातीला राग यायचा. पण माझ्याकडे उत्तर नसेल तर तो आकडा काढायचीच गरज नाही, हे तिने मला गोड बोलून शिकवलं. माझे निम्मे रिपोर्ट त्यामुळे बंद झाले, कोणाला पत्ताही लागला नाही.

आणि नऊ वर्षं फॉर्म भरलेत म्हणता, ते कमी लेखू नका. आमच्याकडे भारी टूल येणारे आहेत, पण कॉलममध्ये ते नाव का आलं हे त्यांना माहीत नसतं.

धागाकर्ती, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे खूप आभार, तारखा सुटल्या!! चोर उजवीकडेच होते.

सरांना तो प्रश्न विचारला (धाकधूक होती). ते म्हणाले मला मुळात कळायचंय की माल परत का येतोय, कारण कळलं तर त्या खात्याशी बोलता येईल. म्हणून परताव्याच्या कारणांचा पिव्हट टाकला तर १४९० पैकी ६१२ नोंदींपुढे 'इतर'. म्हणजे ४१ टक्के! आधीची मी असते तर पाय चार्ट काढून, इतरला राखाडी रंग देऊन मोकळी झाले असते.

पण मला माहितीये ना हे इतर कुठून येतं. मीच दाबलंय हजार वेळा. 'माल खराब' निवडलं की आणखी दोन खिडक्या उघडतात आणि फोटो मागतात, 'साइज चुकली' ला ऑर्डरमधला जुना साइज टाइप करावा लागतो, आणि इतरला काहीच लागत नाही. शिफ्ट संपत आली, लाइनवर माणूस ओरडतोय, कोण फोटो मागत बसणार? म्हणून वेळेप्रमाणे फोडून बघितलं, तर सकाळच्या नोंदींत इतर २९ टक्के आणि शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत ६३. मग इतरमधल्या ६० नोंदी अधूनमधून उचलून त्यांचे शेरे एकेक करून वाचले, कुठलाही फॉर्म्युला नाही, सरळ वाचले, त्यात ३८ साइजच्या निघाल्या. सरांना हेच दाखवलं, एक तक्ता आणि सहा-सात शेरे जसेच्या तसे. त्यांनी साइजवाल्यांना बोलवायच्या आधी फॉर्मवाल्यांना बोलावलं, जुना साइज आता आपोआप भरला जाणार आहे.

एसक्यूएल सुरू केलंय, ग्रुप बाय जमतं, जॉइनला अजून हात थरथरतो. पायथॉन कपाटातच आहे.

आता अडलंय ते असं, की एकच ग्राहक तीनदा फोन करतो आणि पिव्हटमध्ये तो तीन वेळा मोजला जातो. मला तक्रारी नाही, वेगवेगळी माणसं किती ते हवंय. काउंटच्या यादीत 'डिस्टिंक्ट काउंट' असतो म्हणे, माझ्याकडे दिसतच नाही?

प्रतिसाद १ वाले

पिव्हट इन्सर्ट करतानाच्या खिडकीत सगळ्यात खाली 'अ‍ॅड धिस डेटा टू द डेटा मॉडेल' असं आहे, तिथे टिक करून पिव्हट नव्याने टाका. मग यादीत पार तळाला दिसेल. आणि मोजणी नावावर करू नका हं, ग्राहक क्रमांकावर करा, एका नावाची माणसं कितीतरी असतात.