आखाजीच्या गाण्यांचा व्हिडिओ: आवाज कुठे फाटतोय, कुठे ऐकूच येत नाही. काय करू? (बजेट ५०० च्या आत)

अमळनेरी_भाचा:
नमस्कार मंडळी. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामाकडे सगळ्या मावश्या माहेरपणाला आल्या होत्या, झोक्यावर आजीने जुनी गाणी म्हटली ती मी मोबाईलवर घेतली, २२ मिनिटांचा व्हिडिओ आहे. घोळ असा की आजी एकटी म्हणते तेव्हा आवाज इतका बारीक की कान लावावा लागतो, आणि मावश्यांनी मागून सूर धरला की एकदम फाटतो, खरखर खरखर. मोबाईल मावश्यांच्या शेजारी गव्हाच्या कोठीवर ठेवलेला होता ही माझी चूक. वर लाईट गेलेली, पंखा इन्व्हर्टरवर, त्याची घूंऽऽ सगळीकडे आहे. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. बजेट ५०० च्या आत, शून्यात झालं तर उत्तम. आजी ८४ ची आहे, परत म्हणायला लावणं जमेल असं वाटत नाही.

धुळेकर_नाना:
सरळ कॉलरला लावायचा वायरलेस माइक घे. मी पोराच्या साखरपुड्याला घेतला, साडेचार हजाराला बसला पण आवाज असा की भटजी पुटपुटले तेही ऐकू आलं. स्वस्तातला घेऊ नको, पस्तावशील.

अमळनेरी_भाचा:
नाना, शूटिंग होऊन गेलंय हो. आहे त्याचं काय करायचं ते विचारतोय.

धुळेकर_नाना:
पुढच्या आखाजीला कामी येईल ना मग.

भुसावळ_जंक्शन:
४ जीबी रॅममध्ये व्हिडिओ एडिटिंग विसर भाऊ. मी मागच्या वर्षी ३२ जीबीचं मशीन असेंबल केलं, ग्राफिक कार्डासकट, आता रेंडर लावायचा आणि चहा गार व्हायच्या आत तयार. निदान १६ जीबी तरी कर.

शिरपूरची_लेक:
एवढं कशाला? एआयवाल्या साइट आहेत, फाइल टाकली की आवाज स्टुडिओसारखा करून देतात. मी शाळेच्या भाषणाचं केलं होतं, मस्त झालं.

अमळनेरी_भाचा:
ताई, आत्ताच करून पाहिलं. पंखा गेला हे खरं, पण सोबत मावश्याही गेल्या 😄 आणि आजी बातम्या देतेय असं वाटतं.

तापीकाठी:
ती साइट बोलण्यासाठी आहे, गाण्याला ती गोंगाट समजते. भाषण आणि गाणं यात फरक आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या दोन वेगळ्या भानगडी आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत. बारीक आवाज वाढवता येतो. फाटलेला मात्र पूर्ण जोडता येत नाही, कारण शून्य डीबी (डेसिबल) ही रेकॉर्डिंगची कमाल पातळी, त्याच्या वर मोबाईलला लिहिताच येत नाही, वरचं सगळं छाटलं जातं. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ४ जीबीत आरामात चालतं. त्यात फाइल उघडून मोठं करून बघ, मावश्यांच्या जागी लाटांची डोकी कोयत्याने केळीचा खांब तोडल्यासारखी सपाट दिसतील. तिथे आवाज कमी केला तर खरखरच हळू ऐकू येईल, बाकी काही नाही. म्हणून आधी वर जागा व्हावी यासाठी तो भाग ९-१० डीबी खाली घे, मग त्यातलाच क्लिप फिक्स इफेक्ट लाव. ते छाटलेली डोकी अंदाजाने भरतं. थोडं फाटलं असेल तर सुधारतं, जास्त फाटलं असेल तर नाही.

आजीचा भाग कॉम्प्रेसरने (बारीक-मोठा आवाज आपोआप सारखा करणारा इफेक्ट) एका झटक्यात उचलू नको, पंखाही तेवढाच उचलला जातो. एन्व्हलप टूल (जागोजागी आवाज कमीजास्त करायचं) घे आणि हाताने ओळीओळीला वाढव. २२ मिनिटांचं आहे, एक संध्याकाळ जाईल, जाऊ दे.

आणि सगळ्यात आधी, त्या दिवशी दुसरं कोणी शूट करत होतं का ते विचार. लांबून घेतलेलं असेल तर फाटलेलं नसेल.

केळीवाला_रावेर:
ऑडॅसिटी टाक, फ्री आहे.

भुसावळ_जंक्शन:
ऑडॅसिटीत मोबाईलचा व्हिडिओ थेट उघडत नाही, एफएफएमपेग (व्हिडिओतला आवाज वाचणारं सॉफ्टवेअर) वेगळं टाकावं लागतं. माझ्या मशीनवर

भुसावळ_जंक्शन:
अर्धवट गेलं. माझ्या मशीनवर लगेच झालं म्हणत होतो.

सावदा_इलेक्ट्रिक:
पंख्याची घूं म्हणजे इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (वीज गुळगुळीत लाटेत न देणारा) आहे. साइन वेव्ह घेतला असता तर पंखा असा ओरडला नसता. मामांना सांगा बदलून घ्यायला.

धुळेकर_नाना:
काही संबंध नाही, पंख्याचं बेअरिंग गेलं असेल. आमचा इन्व्हर्टर साधाच आहे, अजिबात आवाज नाही.

सावदा_इलेक्ट्रिक:
नाना २० वर्षं हेच काम करतोय मी. लाईट आली की घूं बंद होते का विचारा, मग बोलू.

तापीकाठी:
दोघांचं चालू द्या. भाचा, ती घूं ५० हर्ट्झची असेल तर १००, १५० वरही असते, नुसता हाय पास (खालचे जाड सूर गाळणारा फिल्टर) लावून पूर्ण जाणार नाही. गाणं सुरू व्हायच्या आधीचे दोन सेकंद नुसता पंखा असेल तो निवड, नॉईज प्रोफाइल (त्या गोंगाटाचा नमुना) घे आणि मग सगळ्याला नॉईज रिडक्शन सहा-आठ डीबीच दे. जास्त दिलंस तर आजी डब्यातून बोलल्यासारखी वाटेल.

खापरावरची_पोळी:
बाकी ते जाऊ द्या, आखाजीला मामींनी पुरणपोळी खापरावर केली का तव्यावर? आमच्याकडे आता सुनांना खापर नको झालंय.

केळीवाला_रावेर:
खापराशिवाय आखाजी कसली हो. आणि वर आमरस.

शिरपूरची_लेक:
सुनांना नको झालंय म्हणे. चूल पेटवायला तुम्ही बसता का कधी?

नंदुरबारी:
भाऊ तुन्हं बजेट कोनी वाचंच नही वाटस 😂

अमळनेरी_भाचा:
अपडेट. तापीकाठी दादा, तुम्ही म्हटल्यावर विचारलं तर मामेबहीण ओट्यावरून घेत होती! तिचं ९ मिनिटांचं आहे आणि मावश्या अजिबात फाटलेल्या नाहीत. पण तिने व्हॉट्सॅपवर पाठवलं.

तापीकाठी:
व्हॉट्सॅपवर व्हिडिओ म्हणून आलं की दाबलं जातं. तिला सांग डॉक्युमेंट म्हणून पाठव, मूळ फाइल येईल. मग दोन्हीत एकच आवाज शोध, टाळी, झोक्याच्या कडीचा खट्ट, काहीही. त्यावर दोन्ही जुळव आणि फाटलेल्या जागी तिचा आवाज टाक. शेवटाकडे ओठ पुढेमागे वाटले तर मधे कापून परत जुळव, दोन मोबाईल तंतोतंत एका चालीने चालत नाहीत.

धुळेकर_नाना:
हेच मी म्हणत होतो, माइक लांब नको जवळ नको.

अमळनेरी_भाचा:
मंडळी शेवटचं सांगतो. दोन रात्री बसलो, पहिली ६ मिनिटं जुळली, पुढे झोपच आली. मग आईने परस्पर गावातल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याला दिलं, ७०० घेतले त्याने. फाटलेल्या जागी त्याने सनई टाकलीय आणि आजीच्या फोटोभोवती फुलं फिरतात. घरात सगळ्यांना फार आवडलंय, आजीने तीनदा पाहिलं.

तापीकाठी:
सनई?

तापीकाठी:
बरं. दोन्ही मूळ फाइली डिलीट करू नको एवढं कर.

अमळनेरी_भाचा:
नाही नाही, पेनड्राइव्हवर ठेवल्यात. दिवाळीत बसतो परत.

चोपडा_एक्सप्रेस:
माझ्याकडे हळदीचा व्हिडिओ आहे, डीजेमुळे सगळं फाटलंय. त्या व्हिडिओवाल्याचा नंबर मिळेल का? बजेट ३००.

धुळेकर_नाना:
माइक कोणता वापरला होता?