मदत हवी आहे : फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनासाठी कोणते ऑइल घ्यावे?

नमस्कार. देवबागला कर्ली खाडीत आमची फायबरची लहान होडी असून तिला 40 एचपीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या बाजूला बाहेरून लावलेले) इंजिन आहे. घरच्या माणसांना फिरवण्यापुरताच तिचा वापर होतो. खाडीत ती बराच वेळ संथ चालते, मात्र खाडी समुद्राला मिळते त्या संगमाबाहेर पडल्यावर इंजिन पाच हजार आरपीएमच्या वर जाते.

मॅन्युअलमध्ये 10डब्ल्यू-30 आणि 10डब्ल्यू-40 हे ऑइलच्या दाटपणाचे दोन्ही ग्रेड दिलेले असून ऑइल एफसी-डब्ल्यू (होड्यांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांच्या ऑइलचे प्रमाणपत्र) प्रमाणित असावे, अशी सूचना आहे. जवळच्या दुकानात मात्र मोटारसायकलचे ऑइल किंवा टू-स्ट्रोकचे टीसी-डब्ल्यू3 एवढेच मिळते. टीसी-डब्ल्यू3 हे पेट्रोलबरोबर जळून जाण्यासाठी बनवलेले असल्याने त्याचा प्रश्नच येत नाही. आणि एफसी-डब्ल्यूसाठी गंजरोधाची जी चाचणी द्यावी लागते, ती मोटारसायकलच्या ऑइलला बंधनकारक नसल्यामुळे खाऱ्या हवेत ते वापरायला मन धजत नाही.

परवा डिपस्टिक पुसून पाहिली, तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही किंचित वर होते आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. संथ चालीत इंजिन पुरेसे तापत नाही आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ होते, हे लक्षात घेता तापल्यावर जास्त दाट राहणारा 10डब्ल्यू-40 ग्रेड घेणे योग्य ठरेल का? की सध्याचाच ग्रेड ठेवून, ठरलेल्या शंभर तासांआधीच ऑइल बदलावे?

पावसाळ्यासाठी होडी वर ओढण्यापूर्वी नवे ऑइल भरायचे आहे. मालवण, वेंगुर्ले किंवा रत्नागिरीत एफसी-डब्ल्यू ऑइल खात्रीने कुठे मिळते, हे अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.