मदत हवी आहे: गाजराच्या सुट्या पेशी विभागतच नाहीत

नमस्कार मंडळी,

गाजराच्या एकाच पेशीपासून रोप करायचा प्रयत्न चालू आहे. टिश्यू कल्चरमधल्या जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

कोवळ्या रोपांच्या देठाचे तुकडे एमएस मीडियावर (वनस्पतींच्या पेशी वाढवायचं नेहमीचं पोषक माध्यम), लिटरला 1 मिलिग्रॅम टू-फोर-डी हे कृत्रिम वाढ-संप्रेरक घालून लावले. कॅलस, म्हणजे अजून आकार न घेतलेल्या पेशींचा गोळा, भुसभुशीत, फिकट पिवळा आला. शेकरवरचं सस्पेन्शनही (हलत्या द्रवात तरंगत वाढणाऱ्या पेशी) जोमात आहे. धुऊन टू-फोर-डी नसलेल्या मीडियात टाकलं की भ्रूण धरतात. आधी गोल, मग बदामाच्या आकाराचे, मग लांबुळके. म्हणजे पेशींत दम आहे.

पण हे भ्रूण गुठळ्यांतून येतात. गुठळीतल्या कुठल्या पेशीचं रोप झालं ते कसं सांगणार? मला निवडलेल्या पेशीचाच गुण अख्ख्या रोपात हवा आहे, मिश्र रोप चालणार नाही. म्हणून सस्पेन्शन 50 मायक्रॉनच्या जाळीतून गाळलं आणि सुट्या पेशी मऊ अगारमध्ये (जेलीसारख्या माध्यमात) विरळ पसरल्या. लांबट, पोकळ पेशींकडून मला आशा नव्हतीच. पण लहान, गोल, गच्च भरलेल्या पेशी! मायक्रोस्कोपखाली त्यांच्यातला पेशीरस फिरताना स्पष्ट दिसतो, इतक्या जिवंत असतात. तरी विभागत नाहीत, आणि हळूहळू तपकिरी पडतात. दाट पसरल्या तर विभागतात, पण मग शेजारशेजारच्या वसाहती एकमेकींत मिसळतात.

वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्यूअर्ड यांनी 1958 मध्ये गाजरासाठी नारळपाणी वापरलं होतं, म्हणून तेही 10 टक्के घालून पाहिलं. फरक नाही. आता जुन्या सस्पेन्शनचा मीडिया गाळून वापरू, की नर्स कल्चर लावू, म्हणजे वाढत्या पेशींच्या सोबतीनं या पेशी वाढवू?

प्रतिसाद:

आधी नर्स लावा. पेशी मीडियात काही द्रव्यं सोडतात आणि त्यांच्या जोरावर एकमेकींना विभागायला लावतात. विरळ पेरल्यावर ती पुरेशी साठतच नाहीत. अ‍ॅस्पॅरॅगसच्या पेशींतून 1996 मध्ये सापडलेलं फायटोसल्फोकाइन त्यातलंच, अवघ्या पाच अमिनो आम्लांचं. नारळपाणी त्याची जागा घेईलच असं नाही.

वाढत्या कॅलसवर निर्जंतुक फिल्टर पेपर ठेवा आणि पेशी त्यावर ठेवा. द्रव्यं झिरपून वर येतील, पेशी मात्र वेगळ्या राहतील. पेशी एकटीच आहे ना, हे ठेवल्याठेवल्या मायक्रोस्कोपखाली पाहून जागेवर खूण करा. गुठळी झाल्यावर ते ठरवता येत नाही. जुना मीडिया वापरलात तर 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. त्यात टू-फोर-डी उरलेलं असतं, तेव्हा तो फक्त विभागणीपुरता ठेवा. भ्रूण धरायच्या वेळी वसाहत ताज्या, टू-फोर-डी नसलेल्या मीडियावर न्या.