सोसायटी ग्रुप: अंडरटेकर खरंच मेला होता का?

कुलकर्णी वहिनी (ए-१०३): ग्रुपवर कुस्तीतले जाणकार आहेत म्हणून विचारते. सुट्टी लागल्यापासून पोरांचं दिवसभर रेसलिंग चाललंय. अंडरटेकर नावाचा पैलवान सात वेळा मरून परत आला, केन नावाचा दुसरा पैलवान त्याचा सख्खा भाऊ आहे, असं छातीठोक सांगतात. यात खरं किती? आणि सगळं ठरवून असतं तर माणसं जखमी कशी होतात?

शिंदे (सी-३०१): मेला वगैरे काही नाही वहिनी. या गोष्टीचं मूळ जानेवारी १९९४ च्या रॉयल रंबल या कार्यक्रमात आहे. योकोझुना या पैलवानाबरोबर शवपेटीची मॅच होती, समोरच्याला पेटीत बंद करील तो जिंकला. योकोझुनाच्या मदतीला पैलवानांची टोळीच आली, सगळ्यांनी मिळून अंडरटेकरला पेटीत कोंबलं. पेटीतून धूर निघाला, मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसला आणि शेवटी एक आकृती वर वर जाताना दाखवली. खरं कारण साधं होतं. त्याची पाठ दुखावली होती आणि काही महिने विश्रांती हवी होती. ऑगस्टमध्ये समरस्लॅम या कार्यक्रमात परतला, तोही स्वतःच्याच तोतयाशी लढायला. पुढं १९९६ मध्ये मॅनकाइंड या पैलवानाबरोबरच्या मॅचनंतर त्याला जिवंत पुरलं, महिन्याभरात पुन्हा हजर.

शिंदे (सी-३०१): केन त्याचा भाऊ फक्त कथेत. अंडरटेकर म्हणजे मार्क कॅलवे, केन म्हणजे ग्लेन जेकब्स. केनच्या आधी याच जेकब्सला १९९५ मध्ये दात उपटणारा डेंटिस्ट केलं होतं, नाव आयझॅक यांकम. ते चाललं नाही. मग डीझेल या दुसऱ्या पैलवानाच्या पात्राची नक्कल करायला लावली, तेही पडलं. मग केन झाला आणि वीस वर्षांहून जास्त टिकला. उंची तीच, ताकद तीच, मग फरक कशानं पडला? तयारीनं. तो दिसायच्या आधी कित्येक महिने अंडरटेकरचा कथेतला जुना मॅनेजर पॉल बेअरर त्याला माईकवर सांगत होता, तुझा भाऊ आगीत मेला नाही, तो जिवंत आहे. ५ ऑक्टोबर १९९७ ला केन आला आणि अंडरटेकरची मॅच चालली होती त्या पिंजऱ्याचं दार उखडून आत शिरला, तेव्हा सगळे प्रेक्षक त्याचीच वाट बघत होते. मुखवटा, तोंडातून शब्द नाही. माझ्या मते पात्र कसं उभं करावं याचा इतका चांगला नमुना या धंद्यात दुसरा नाही. २०१८ मध्ये हाच माणूस टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा महापौर म्हणून निवडून आला.

चव्हाण आजोबा (ए-००२): म्हणजे नुरा कुस्तीच की. खासबागेत असलं काही झालं तर लोक मैदान डोक्यावर घेतील. आपल्याकडं पाठ लागली की कुस्ती गेली, विषय संपला.

पाटील (बी-२०४): आजोबा, निकाल आधी ठरतो हे मान्यच. पण नुरा कुस्तीत तिकीट काढून आलेल्याला फसवलेलं असतं. इथं बघणाऱ्याला सगळं माहीत असतं. आणि तुम्ही पाठीचं काढलंत ते बरं झालं, कारण खरा फरक तिथंच आहे. आपल्या तालमीत पहिल्या दिवसापासून पाठ वाचवायला शिकवतात, मान घट्ट करून मानेवर पूल करायला लावतात. या रेसलिंगच्या शाळेत सगळ्यात आधी पाठीवर पडायलाच शिकवतात. त्याला बम्प म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा सपाट भाग एकाच वेळी टेकवायचा आणि दोन्ही तळवे बाजूला मॅटवर आपटायचे. आघात मोठ्या भागावर पसरतो. हनुवटी वर राहिली की डोकं मागं आपटतं आणि मेंदूला मार बसतो. घाबरून हात मागं टेकला की मनगट किंवा कोपर जातं. नवीन पोरांच्या दुखापती बहुतेक या दोन चुकांतूनच होतात.

शिंदे (सी-३०१): रिंगबद्दल पण सांगा दादा. पोरांना वाटतं खाली जाड गादी आहे.

पाटील (बी-२०४): गादी नाहीच. डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे हे कार्यक्रम करणारी अमेरिकन कंपनी, तिची रिंग २० बाय २० फुटांची. खाली पोलादी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि त्यावर ताणून बांधलेलं कॅनव्हास. धाडकन आवाज येतो तो फळ्यांचा आणि खाली लावलेल्या माईकचा. त्यांच्याकडं दोर खरोखरचे असतात, वरून टेप गुंडाळलेली. बऱ्याच इतर कंपन्या रबरी नळीत पोलादी तार घालून वापरतात. दोरावर धावत जाऊन आपटायचं तेव्हा वरचा दोर बगलेजवळ लागतो, सुरुवातीला तिथं काळेनिळे वळ उठतात. वरच्या दोराला हात लावून धरणंही गरजेचं असतं, दोर सैल असला की माणूस थेट बाहेर जातो.

ओंकार (सी-१०१): काका, अंडरटेकरच्या टूम्बस्टोन डावात डोकं खरंच आपटतं का? नेटवर कुणी काहीही सांगतं.

पाटील (बी-२०४): ओंकार, आपटता कामा नये. यात समोरच्याला उलटा धरून त्याचं डोकं आपल्या मांड्यांमध्ये घेतात. डोक्याचं टोक गुडघ्याच्या वर राहिलं पाहिजे. मग गुडघ्यावर बसलं की गुडघे मॅटला लागतात आणि डोकं हवेतच राहतं. उलटा असलेला माणूस आपल्या हातांनी समोरच्याच्या मांड्या घट्ट धरतो. डोकं दोन बोटं खाली सरकलं तरी सगळं वजन मानेवर येतं.

पाटील (बी-२०४): नेमकं हेच ३ ऑगस्ट १९९७ ला समरस्लॅममध्ये झालं. ओवेन हार्टनं स्टीव्ह ऑस्टिनला उलटा उचलला, पण गुडघ्यावर न बसता ढुंगणावर बसला. बैठक खाली गेली, डोकं थेट मॅटवर. ऑस्टिनला काही काळ हातपायच हलवता येईनात. त्या वेळी ओवेननं काय केलं ते बघण्यासारखं आहे. तो प्रेक्षकांकडं वळून त्यांना चिडवत राहिला, वेळ काढत राहिला, कारण त्याला कळलं होतं की समोरचा उठू शकत नाही. शेवटी ऑस्टिन सरपटत आला आणि कसाबसा रोल-अप करून, म्हणजे ओवेनला गुंडाळून त्याचे खांदे मॅटला टेकवून, ठरलेला निकाल पूर्ण केला. ते खांदे टेकवणं बघितलं तर किती लुळं आहे ते कळतं. पुढं त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि २००३ च्या रेसलमेनियानंतर तो निवृत्त झाला. डब्ल्यूडब्ल्यूईनं नंतर पाइलड्रायव्हर, म्हणजे उलटं धरून डोक्यावर आपटायचा असा डाव, बहुतेक सगळ्यांना बंद केला.

चव्हाण आजोबा (ए-००२): मग पंच काय करत होता?

शिंदे (सी-३०१): आजोबा, तिथं पंच सगळ्यात कामाचा माणूस. त्याच्या कानात इअरपीस असतो. पडद्यामागं गोरिला पोझिशन नावाची जागा असते, गोरिला मॉन्सून या जुन्या पैलवानाच्या नावावरून. तिथून वेळ किती राहिला ते सांगतात आणि पंच वाकून पैलवानांना कळवतो. पडलेल्या माणसाचा हात उचलतो ना, तेव्हा बरेचदा हात दाबून 'ठीक आहेस का' हे विचारणं असतं, तोही हात दाबून उत्तर देतो. पंचानं दोन्ही हात डोक्यावर घेऊन फुली केली तर समजायचं दुखापत खरी आहे, डॉक्टर पाठवा. अधूनमधून हीच खूण कथेसाठीही वापरतात, ते मला पटत नाही. जिवाच्या खुणेचा खेळ करू नये.

कुलकर्णी वहिनी (ए-१०३): आणि रक्त?

शिंदे (सी-३०१): पूर्वी ब्लेडचा तुकडा मनगटावरच्या टेपमध्ये लपवून कपाळावर बारीक चिरा द्यायचे. कपाळाला रक्त भरपूर येतं आणि घामात मिसळून पसरतं, म्हणून जखमेपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. २००८ पासून डब्ल्यूडब्ल्यूईचे कार्यक्रम मुलांनाही बघता येतील असे झाले आणि ते बंद पडलं. पोरांना २००८ नंतरचं दाखवा, प्रश्न कमी येतील. जून १९९८ ची अंडरटेकर-मॅनकाइंडची पिंजऱ्याची मॅच मात्र नको. १६ फुटांवरून टेबलावर पडणं ठरलेलं होतं, पण नंतर छताची जाळी तुटून मॅनकाइंड आत कोसळला ते ठरलेलं नव्हतं. वरची खुर्ची तोंडावर आली आणि दात तुटला. त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून टेरी फंक हा दुसरा पैलवान मध्ये येऊन अंडरटेकरचा मार खाऊन गेला.

चव्हाण आजोबा (ए-००२): निकाल ठरलेला असतो म्हणता. मग ठरलेला निकाल कुणी मोडलाय का?

शिंदे (सी-३०१): मोडलाय की! ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. ब्रेट हार्ट चॅम्पियन होता आणि दुसऱ्या कंपनीत, डब्ल्यूसीडब्ल्यूत निघाला होता. कॅनडात, घरच्या लोकांसमोर शॉन मायकल्सकडून हरायला तो तयार नव्हता. शेवटच्या ३० दिवसांत आपल्या पात्राबद्दल म्हणणं मांडायचा हक्क त्याच्या करारात होता. म्हणून गोंधळ होऊन निकाल न लागता मॅच संपवायची असं ठरलं. प्रत्यक्षात शॉननं ब्रेटचाच शार्पशूटर डाव त्याच्यावर लावला आणि ब्रेटनं हार मानलेली नसताना मालक विन्स मॅकमहननं रिंगजवळून घंटा वाजवायला सांगितली. पंच अर्ल हेब्नरनं मॅच संपवली. ब्रेट रिंगमधूनच विन्सच्या तोंडावर थुंकला आणि मागं ड्रेसिंग रूममध्ये त्याला ठोसा लावला. या प्रकारानं विन्स लोकांच्या नजरेतून उतरला आणि त्याच रागावर पुढं खलनायक मालकाचं पात्र उभं राहिलं.

पाटील (बी-२०४): माझ्या मते ब्रेटवर अन्याय झाला. कंपनीची अडचण खरी होती, चॅम्पियन बेल्ट घेऊन विरोधकाकडं गेला तर नामुष्की. पण या धंद्यात माणूस आपलं अंग डोळे झाकून समोरच्याच्या हाती देतो. त्या हातानं फसवायचं नसतं.

चव्हाण आजोबा (ए-००२): हे पटलं.

कुलकर्णी वहिनी (ए-१०३): मग पोरांना दाखवायला दोन-तीन चांगल्या मॅचेस सांगा.

पाटील (बी-२०४): पहिली, २९ मार्च १९८७, रेसलमेनिया ३ (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम), रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट. पंधरा मिनिटांच्या आत संपते. सॅव्हेजनं जवळजवळ प्रत्येक हालचाल आधी लिहून पाठ करून घेतली होती. आधीच्या नोव्हेंबरात त्यानं स्टीमबोटच्या गळ्यावर घंटा मारली होती, म्हणून शेवटी पुन्हा घंटाच पुढं येते. त्याच रात्री हल्क होगननं अवाढव्य आंद्रे द जायंटला उचलला. आंद्रेनं तेव्हा अंगातल्या कपड्याखाली पाठीचा पट्टा घातलेला होता.

शिंदे (सी-३०१): दुसरी, ५ एप्रिल २००९, अंडरटेकर आणि शॉन मायकल्स. सुमारे अर्धा तास. शॉन पांढऱ्या कपड्यांत वरून उतरतो, अंडरटेकर काळ्यात. त्यात अंडरटेकर दोरावरून डोकं पुढं करून बाहेर उडी मारतो. त्याला झेलायला कॅमेरामनच्या वेशात एक पैलवानच उभा केला होता, पण नीट झेलला गेला नाही आणि अंडरटेकर मानेवर आदळला. तरी मॅच पूर्ण केली. हात आणि कोपर कुठं जातात ते हळू करून दाखवा, पोरांना लगेच कळेल की हे घरी का करायचं नाही.

पाटील (बी-२०४): आणि वहिनी, गाद्या टाकून खेळू देत, पण मानेवर आणि डोक्यावर येणारा कोणताही डाव नाही. उचलून टाकणंही नाही. हनुवटी छातीला लावून मागं लोळणं तेवढं शिकवा, उभ्यानं नाही, उकिडवं बसून.

चव्हाण आजोबा (ए-००२): ते मी शिकवीन. त्या स्टीमबोटचे आर्म ड्रॅग, हात ओढून पाडायचे डाव, नीट बघायचेत, लिंक टाका.

पाटील (बी-२०४): टाकतो आजोबा. ओढणाऱ्याकडं बघू नका, ज्याला ओढलंय त्याच्या पायाकडं बघा. उडी तोच मारतो.